चेन बदलायला घेतली आणि दोन महिने लागले

८ फेब्रुवारीला ठरवलं की सायकलची चेन बदलायची, आणि सायकल खरी शांत चालायला लागली ११ एप्रिलला. काम एका दुपारचं होतं. ते इतकं का लांबलं हे सविस्तर लिहून ठेवतेय, कारण मी अडकले होते तेव्हा मला कुणीतरी तारखेवार सांगितलेलं हवं होतं.

माझी सायकल हायब्रिड. पुढे पेडलपाशी तीन चेनरिंग (दातेरी चकत्या), ४८-३६-२६ दात्यांच्या, मागे ९ स्पीडची कॅसेट (मागच्या चाकावरचा नऊ चकत्यांचा गठ्ठा) ११-३२, म्हणजे सगळ्यात लहान चकती ११ दात्यांची आणि सगळ्यात मोठी ३२ ची, शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) आणि मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) दोन्ही शिमॅनो कंपनीचे, ९ स्पीडचे, डिरेलर एमटीबीवाला, म्हणजे माउंटन बाइकचा, लांब पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे चेनची ढिलाई ओढून धरणारा त्याचा खालचा भाग). हे सगळं आत्ता मी झोपेतसुद्धा सांगेन, फेब्रुवारीत मला यातलं फक्त "मागे नऊ गिअर आहेत" एवढंच माहीत होतं.

जानेवारीपासून गिअर पडायला वेळ लागायला लागला होता. क्लिक झालं तरी चेन दोन-तीन सेकंद विचार केल्यासारखी जागच्या जागी घासत राहायची. केबल घट्ट करून बघितली, फरक नाही. मग ८ तारखेला चेनवर साधी पट्टी लावली. सगळ्या सायकलींच्या चेनचा पिच, म्हणजे लगतच्या दोन पिनांमधलं अंतर, अर्धा इंच असतो, म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे एका पिनच्या मध्यावर शून्य धरलं की चोविसाव्या कडीनंतरची पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. माझी जवळजवळ एक अष्टमांश इंच पुढे होती. म्हणजे चेन १ टक्का लांबली होती. १० स्पीडपर्यंतच्या चेन पाऊण टक्क्याला बदलायच्या असतात आणि ११-१२ स्पीडच्या तर अर्ध्या टक्क्यालाच, आणि मी अडीच वर्षांत एकदाही मोजली नव्हती. (चेन लांबते म्हणजे लोखंड ताणलं जात नाही, पिना आणि आतल्या पट्ट्या जिथे एकमेकींवर फिरतात तिथे झिजतात आणि प्रत्येक कडीत थोडी थोडी ढिलाई साठत जाते.)

९ स्पीडची नवी चेन मागवली, १४ तारखेला आली. जुनी काढताना कड्या मोजल्या, ११० भरल्या. मोजा हं, नुसती नवी-जुनी शेजारी ठेवून कापू नका, कारण ११० कड्यांची चेन १ टक्का लांबली की एका कडीपेक्षा जास्त फरक पडतो आणि तुमचा हिशोब तिथेच चुकतो. चेन ब्रेकरने (चेनची पिन ढकलून काढायचं हत्यार) जास्तीच्या कड्या काढल्या, क्विक लिंक (चेनची दोन टोकं जोडणारी, उघडता येणारी कडी) लावली, हाताने पेडल फिरवून बघितलं, अगदी मऊ चालत होती. मला फार आनंद झाला होता त्या संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच चढाला उभी राहून पेडल मारलं आणि चेन सटकली. पाय एकदम मोकळा खाली गेला, मी हँडलवर आपटता आपटता वाचले. परत मारलं, परत सटकली. सपाटीवर काही नाही, पण जोर दिला की कडाक. १४, १६ आणि १८ दात्यांच्या चकत्यांवर व्हायचं, २८ आणि ३२ वर अजिबात नाही. मी रोज चालवायचे ते मधलेच गिअर, आणि सटकत होते तेही तेच. लांबलेली चेन चकतीचे दाते स्वतःच्या मापाने घासत जाते, दोघी एकत्र झिजतात म्हणून एकमेकींबरोबर निभावतात, आणि मग नवी योग्य मापाची चेन आली की ती त्या घासलेल्या दात्यांवर पूर्ण बसतच नाही, जोर आला की रोलर दात्यावर चढतो आणि उडी मारतो. नव्या चेनला सवय होईल म्हणून मी आठवडाभर, साधारण ६०-७० किलोमीटर तशीच चालवली. सवय होत नाही. जोर दिल्यावर सटकणारी चेन घेऊन रहदारीत जाऊ नका, मी गेले ते चुकलंच.

म्हणजे आता कॅसेट हवी. कॅसेट चेनपेक्षा बरीच महाग, म्हणजे चेन वेळेवर बदलली असती तर हा खर्च वाचला असता हे तेव्हा खूप लागलं.

२२ फेब्रुवारीला रात्री बसून शोधाशोध केली. चढाला जरा सोपा गिअर मिळावा म्हणून ११-३४ बघत होते. एक सापडली, वर्णनात लिहिलेलं "८/९/१० स्पीड फ्रीहबला चालते" (फ्रीहब म्हणजे मागच्या चाकाच्या मधला भाग, ज्यावर कॅसेट चढते). मी वाचलं, माझी नऊ, चालते, झालं. मागवली. २६ ला आली. खोक्यावर एका कोपऱ्यात "१०-एस" असं छापलेलं होतं, ते मी बघितलं आणि त्याचा अर्थ काय असेल हा प्रश्नसुद्धा पडला नाही मला.

२८ ला लावायला घेतली. कॅसेट काढायला दोन हत्यारं लागतात, एक लॉकरिंगचं (कॅसेट जागी आवळून धरणारी रिंग) आणि एक चेन व्हिप, म्हणजे दांडीला चेनचा तुकडा लावलेला असतो, त्याने चकती धरून ठेवायची नाहीतर लॉकरिंग उघडताना सगळी कॅसेटच मागे फिरत राहते. व्हिप उजव्या बाजूला, पाना डाव्या बाजूला, आणि दोन्ही एकदम खाली दाबायचे. अडीच वर्षांचं लॉकरिंग सुटताना असा आवाज आला की काहीतरी तुटलं असं वाटून मी थांबले होते, पण तो आवाज येतोच. जुन्या सायकली असतील, विशेषतः ६-७ स्पीडच्या, तर आधी हेही बघा की मागे कॅसेट आहे का आटे असलेलं फ्रीव्हील, म्हणजे चाकावर आट्यांनी चढणारा चकत्यांचा गठ्ठा. चाक काढून चकत्या उलट्या फिरवायच्या, पाना बसतो ती खाच चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट, खाच जागेवर राहिली तर फ्रीव्हील. दोन्हीची हत्यारं वेगळी.

नवी कॅसेट फ्रीहबवर सुरेख बसली. फ्रीहबवर एक खाच बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते त्यामुळे चकती चुकीच्या दिशेने जातच नाही. लॉकरिंगवर ४० न्यूटन मीटर लिहिलेलं असतं, टॉर्क पाना नसेल तर चांगलं घट्ट, शेवटी करकर करकर असे टप्पे जाणवतात. चाक लावलं, चेन चढवली, पहिला गिअर उत्तम. सगळ्यात मोठा गिअरसुद्धा जवळजवळ ठीक. पण मधले गिअर म्हणजे नुसता खडखडाट, चेन कुठल्याच चकतीवर स्थिर राहीना.

मी दोन संध्याकाळी केबलचा ताण फिरवत बसले. अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. मधला गिअर जुळला की टोकाचे बिघडायचे, टोकाचे जुळवले की मधला खडखडायला लागायचा. डिरेलर वाकलाय का, हँगर (डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा) वाकलाय का, सगळे संशय घेऊन झाले. दुसऱ्या रात्री तर मी सायकल भिंतीला लावून सरळ झोपायला गेले, हात धुवायचंसुद्धा त्राण नव्हतं.

२ मार्चला दादाला फोन केला. दादा माझा चुलत भाऊ, सायकली उघडून परत जोडणं हे त्याचं लहानपणापासूनचं वेड. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "चकत्या मोजल्यास का गं?"

"नऊ असणार ना दादा."

"असणार नको. मोज."

दहा होत्या.

दुसऱ्या दिवशी तो व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं हत्यार) घेऊन आला आणि मला कागदावर आकडे मांडून दाखवले. यंत्राचं मला फारसं कळत नाही पण तो हिशोब कळल्यावर दोन रात्रींचा खडखडाट डोळ्यासमोर आला, म्हणून तो जसाच्या तसा देते. शिमॅनोच्या ९ स्पीड कॅसेटमध्ये एका चकतीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ४.३५ मिलिमीटर अंतर असतं, १० स्पीडमध्ये ३.९५. माझा शिफ्टर ९ चा, म्हणजे तो प्रत्येक क्लिकला डिरेलर ४.३५ सरकवणार. पहिल्या चकतीवर जुळवलं की एका क्लिकला ०.४ चुकतो, दोन क्लिकला ०.८, आणि पाच क्लिक झाले की डिरेलर २१.७५ वर असतो. तिथे सहावी चकती आहे १९.७५ वर आणि सातवी २३.७० वर. बरोब्बर दोघींच्या मध्ये! पुढे जाता जाता डिरेलर दहाव्या चकतीच्या जवळ पोचतो, आठव्या क्लिकला तो ३४.८ वर आणि दहावी चकती ३५.५५ वर. म्हणून टोकाचे गिअर बरे आणि मधले वाईट. केबल कितीही फिरवली तरी हे जुळणार नव्हतं.

त्यात माझी चेनसुद्धा ९ ची. तिची बाहेरची रुंदी साधारण ६.६, म्हणजे मध्यापासून एका बाजूला ३.३. दहा स्पीडच्या कॅसेटमध्ये शेजारच्या चकतीचा पृष्ठभाग मध्यापासून ३.१५ वरच असतो, त्यामुळे चेन योग्य चकतीवर बसली तरी शेजारणीला घासणारच.

मग "८/९/१० ला चालते" हे खोटं होतं का? नाही, आणि इथेच माझ्यासारखे बरेच जण फसत असणार. ते वाक्य फ्रीहबबद्दल होतं. शिमॅनोचा ८, ९ आणि १० स्पीडचा फ्रीहब सारखाच असतो, कॅसेट त्याच्यावर चढते. पण कॅसेट फ्रीहबवर चढणं ही एक गोष्ट, शिफ्टरच्या क्लिकशी जुळणं दुसरी, आणि चेनच्या रुंदीशी जुळणं तिसरी. तीन वेगवेगळे प्रश्न आहेत, तिन्हींची उत्तरं वेगवेगळी शोधायची, आणि विक्रीच्या पानावर बहुतेक वेळा एकाचंच दिलेलं असतं.

माझ्या मनात आलं की आता दहाची कॅसेट आहेच तर शिफ्टरच दहाचा घेऊ. दादा म्हणाला घे, पण मग डिरेलर पण घ्यावा लागेल. शिमॅनोच्या एमटीबीवाल्या १० स्पीड शिफ्टरने केबल जितकी ओढली जाते ती ९ च्या डिरेलरला चालणारी नाही, दोघांचं प्रमाण बदललेलं आहे. रोड बाइकच्या १० स्पीडमध्ये मात्र जुनंच प्रमाण होतं, आणि त्यातही शिमॅनोचा टियाग्रा ४७०० हा सेट दहाचाच असून त्याचं प्रमाण ११ स्पीडवाल्या रोड सेटसारखं आहे. म्हणजे खोक्यावरचा "१०" हा आकडासुद्धा पुरेसा नाही. शिफ्टर, डिरेलर, चेन असा खर्च मांडून बघितला आणि तो विचार सोडून दिला.

३ मार्चला परतीचा अर्ज भरला. हा भाग कंटाळवाणा आहे पण उपयोगी पडेल. अर्जात कारण म्हणून मी "चुकीची वस्तू" निवडलं, आणि तिथेच गाडी अडकली, कारण विकणाऱ्यांच्या दृष्टीने त्यांनी मी मागितलेलीच वस्तू पाठवली होती. सहा दिवस काहीच नाही. ९ ला उत्तर आलं, वस्तू वापरलेली आहे, दात्यांवर ग्रीस दिसतंय, परत घेता येणार नाही. मी त्याच पानाचा स्क्रीनशॉट पाठवला, त्या एका ओळीवर खूण करून, आणि लिहिलं की नावात कुठेही १० स्पीडची कॅसेट असं म्हटलेलं नाही, कॅसेट स्टँडवर हाताने फिरवण्यापलीकडे चाललेली नाही, सगळ्या चकत्यांचे जवळून काढलेले फोटो सोबत जोडतेय. आणखी तीन दिवसांनी बदलून द्यायला तयार झाले, परतीचा वाहतूक खर्च माझा. वस्तू मागवतानाच पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर ते वर्णन बदललं तर तुमच्याकडे दाखवायला काही राहत नाही, आणि जोडायच्या आधी चकत्या मोजा, न जोडलेली वस्तू परत करणं सोपं जातं. खोकं फाडून फेकू नका, मी फेकलं नव्हतं म्हणून निभावलं.

बदली कॅसेट २१ मार्चला हातात आली. ९ स्पीड, ११-३४. ह्यावेळी आधी मोजल्या, ११-१३-१५-१७-२०-२३-२६-३०-३४, मग खोकं उघडं ठेवूनच दादाला फोटो पाठवला.

लावण्याआधी दोन आकडे तपासायचे होते. डिरेलरला जास्तीत जास्त किती दात्यांची चकती चालते, आणि त्याची एकूण कपॅसिटी किती. कपॅसिटी म्हणजे पुढच्या मोठ्या-लहान चेनरिंगमधला फरक अधिक मागच्या मोठ्या-लहान चकतीतला फरक. माझं ४८ वजा २६ म्हणजे २२, ३४ वजा ११ म्हणजे २३, बेरीज ४५. डिरेलरची कपॅसिटी ४५ च निघाली, काठावर पास. जुन्या कॅसेटला ४३ होती.

आणि मग चेनची लांबी. ती मी ११-३२ च्या हिशोबाने ११० कड्यांना कापली होती. आता मागे ३४, पुढे ४८ वर टाकलं तर डिरेलरचा पिंजरा पुढे इतका ताणला गेला की दादाने माझा हातच धरला, "थांब, आणखी फिरवू नकोस, हँगर तुटेल." नियम असा की डिरेलरमधून न नेता चेन पुढच्या सगळ्यात मोठ्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीभोवती गुंडाळायची, दोन टोकं जिथे जुळतील तिथून पुढे दोन कड्या जास्त धरायच्या. मला ११२ हव्या होत्या. कापलेला तुकडा ठेवला होता हे नशीब. क्विक लिंकच्या दोन्ही बाजूंना आतली कडी असते, त्यामुळे तुकड्यातली एक आतली कडी काढून घेतली आणि आणखी एक क्विक लिंक लावली की दोन कड्या वाढतात.

ती दुसरी क्विक लिंक माझ्या डब्यात एक जुनी पडलेली होती, ती मी दादा गेल्यावर लावली.

पुढचे दोन आठवडे सायकल चालली. गिअर एका क्लिकला पडत होते, ३४ च्या चकतीने चढावर पायांना खरंच आराम मिळाला. पण एक टक् असा आवाज यायचा. सतत नाही, मधूनच. पेडल तपासलं, क्रँक आवळला, सीटपोस्ट काढून ग्रीस लावलं. शेवटी शांत रस्त्यावर मोजायला लागले, पुढे ३६ वर असताना पेडलच्या साधारण तीन फेऱ्यांना एक टक्. ११२ भागिले ३६, तीनच्या किंचित वर. म्हणजे चेन पूर्ण एकदा फिरली की एक टक्, म्हणजे दोष एकाच कडीत. आणि मागे ३४ वर टाकलं की आवाज बंद, कारण तिच्या पलीकडे घासायला मोठी चकतीच नाही.

डब्यातली ती लिंक ८ स्पीडची होती. ८ स्पीडची रुंदी साधारण ७.१, अर्धी ३.५५, आणि ९ च्या कॅसेटमध्ये शेजारची चकती मध्यापासून ३.४५ वर. मिलिमीटरचा दहावा भाग, आणि मी सीटपोस्ट काढून बसले होते. क्विक लिंक चेनच्या स्पीडचीच हवी, ती लागतेय म्हणून लावायची नाही, लांब पिनवर चेनची पट्टी ढिली हलते ते वेगळंच. ११ एप्रिलला ९ ची लिंक आली, बदलली, आवाज गेला. जुनी उघडताना हाताने सुटत नाही, लिंकची पक्कड घ्या नाहीतर बूटाची नाडी लिंकच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांतून ओवून ओढा. १० स्पीडपासून पुढच्या बऱ्याच लिंक एकदाच वापरायच्या असतात, पाकिटावर बघा.

ह्या काळात इतरांच्या सायकलींसाठी जे विचारून ठेवलं ते पण लिहिते. चेन एका पायरीने अरुंद असली तर बहुतेक वेळा चालते, ९ च्या कॅसेटवर १० ची (५.९ मिमी), ८ वर ९ ची, आतली रुंदी साधारण पुरेशी असते. उलटं, म्हणजे अरुंद कॅसेटवर रुंद चेन, नाही. ६, ७ आणि ८ ला एकच चेन चालते. हबचा फ्रीहब रोडच्या ११ स्पीडचा असेल तर तो १.८५ मिमी लांब असतो, त्यावर ८-९-१० ची कॅसेट लावायची तर मागे १.८५ चा स्पेसर (पातळ कडं) आधी घालायचा नाहीतर लॉकरिंग आवळूनही कॅसेट हलत राहते. ७ स्पीडची कॅसेट ८-९-१० च्या फ्रीहबवर लावायला साडेचार मिमीचा स्पेसर. १२ स्पीडमध्ये मात्र मी जोडाजोड करणार नाही, शिमॅनोच्या एमटीबी १२ चा फ्रीहबच वेगळा, मायक्रो स्प्लाइन, स्रॅम ह्या दुसऱ्या कंपनीचा एक्सडी वेगळा, आणि स्रॅमच्या रोडवरच्या फ्लॅटटॉप चेनचे रोलरच मोठे आहेत, ती दुसऱ्या कुणाबरोबर जात नाही.

काल संध्याकाळी परत पट्टी लावली. चोविसाव्या कडीनंतरची पिन बारावर, रेघेला रेघ. हत्यारांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलंय, ९ स्पीड, ११-३४, ११२ कड्या, चेन १४ फेब्रुवारी, कॅसेट २१ मार्च, आणि खाली मोजल्याच्या तारखांसाठी जागा सोडलीय. पहिली तारीख भरली.